दोघींच्या हाताला बसेल असा माउस

दुपारची जेवणं उरकली की आमच्या घरात भात उगवायचं.

रोडपालीतल्या इमारतीचा चौथा मजला. खिडकीला ओढलेला पडदा, वर संथ फिरणारा पंखा आणि भिंतीकडेच्या टेबलावर माझा कामाचा कॉम्प्युटर. त्याच्यासमोर माझ्या सासूबाई खुर्चीवर मांडी घालून बसायच्या. स्क्रीनवरच्या शेताचा हिरवा उजेड त्यांच्या तोंडावर पडायचा आणि नाकातली चमकी मधूनच लुकलुकायची. मी दिवाणावर आडवी व्हायची. माउसचा टिकटिक आवाज ऐकत ऐकत झोपेच्या काठावर जायची आणि त्या काठावर हटकून वारा सुटलेला असायचा. ओल्या गवताचा वास यायचा, कुणीतरी लांबून कुणाला तरी हाक मारायचं. माझं माहेर पनवेलच्या बाजारातलं, दुकानाच्या वरच्या मजल्यावरचं. चिखल ही आमच्याकडे घरात येऊ द्यायची नाही अशी वस्तू. हे असलं स्वप्न मला माझ्या घरचं मिळालेलं नव्हतं. ते सासूबाईंच्या टेबलावरून दिवाणापर्यंत चालत यायचं.

खेळ खरं तर माझा होता. जासईला कंटेनरांचे मोठे यार्ड आहेत, त्यांतल्या एकाची कागदपत्रं मी घरी बसून तयार करते. कंटेनरचा नंबर, सीलचा नंबर, वजन, कुणाचा माल, कुठे चालला. दिवसभर हेच आकडे एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात. संध्याकाळी डोक्याला विसावा म्हणून मी शेतीचा एक खेळ उतरवून घेतला होता. जमीन नांगरा, बी पेरा, पाणी सोडा, की चहा होईस्तोवर पीक पिवळं. इतकं सोपं शेत जगात कुठे नसेल, पण मला तेवढं पुरायचं.

सासूबाई तेव्हा गॅलरीत बसून असायच्या. त्यांचं गाव खाडीच्या काठावर होतं. आधी शेती गेली, मग गाव उठलं, आता तिथे विमानाची धावपट्टी आहे. मग सासरे गेले आणि त्या आमच्याकडे आल्या. रागावलेल्या नव्हत्या, रडतही नव्हत्या. सामान हलवताना बोलणं तेवढं मागे राहून गेलं असावं, अशा होत्या. "जेवलात का?" विचारलं की मान हलायची. नवरा सकाळीच द्रोणागिरीच्या गोदामात निघून जायचा. त्यानंतर दिवसभर आम्ही दोघी, आणि आवाज फक्त कुकरचा.

एका संध्याकाळी मी खेळत होते. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं.

"बांध नाय घातलास गो. पानी ऱ्हानार कसा?"

मी दचकलेच. आधी शेजारीण आली की काय असं वाटलं. सासूबाईंचा आवाज मी ओळखला नाही, यात सगळं आलं. मी उठले, त्यांना खुर्ची दिली आणि माउस हातात दिला. पहिले काही दिवस त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. मग एका हाताने जमू लागलं. आणि हाताबरोबर तोंड सुटलं. भाताचं खाचर आखताना त्या मला सांगायच्या, इथे अमक्याचं, त्याला लागून आमचं, मग मिठागर, मग खाडी. खाडीच्या बांधात उघाडी असायची, म्हणजे लाकडी दार. ओहोटीला शेतातलं पाणी त्यातून बाहेर जाऊ द्यायचं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. रात्रीची राखण कुणाची, कोण तिथे झोपून जायचा आणि मग गावभर त्याचा कसा उद्धार व्हायचा, सगळं सांगायच्या. हात चालू तर बोलणं चालू. माउस ठेवला की पुन्हा गप्प. मी हे लवकरच ताडलं आणि त्यांना दुपार दिली. माझं काम सकाळी आणि चारनंतर, मधला वेळ त्यांच्या भाताचा.

रोप लावण्याची त्यांची एक रीत होती. खेळात नुसतं बोट टेकवलं तरी रोप लागतं. सासूबाई बटण दाबायच्या, दाबून धरायच्या आणि मग सावकाश सोडायच्या.

"आई, हळू. एवढं दाबावं लागत नाही."

"हलू लावला तं तरंगतंय ते," त्या म्हणायच्या.

स्क्रीनवरचं पाणी खोटं आहे, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण बोटाला ठाऊक नव्हतं. त्या बोटाने माउसचं बटण हळूहळू लोण्यासारखं करून टाकलं. मी चारनंतर कामाला बसले की बोटाखाली ते आधीच खचलेलं असायचं. मी कुरकुरायची, पण गालातल्या गालात.

मग कापणी आली. खेळातली. सासूबाईंनी आठवडाभर लावलेलं सगळं भात एका दुपारी कापून झालं. मी डुलकी घेऊन उठले, तोंड धुतलं, चहा टाकायला आत गेले तर ओट्यावरच्या भांड्यांच्या जाळीत, ताटांच्या शेजारी, माझा माउस पालथा घातलेला. पाणी निथळत होतं.

"कापनी झायली," सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "हत्यार धुऊन ठेवला."

त्यांच्या घरात कोयता असो की फावडं, शेतातून आलं की आधी धुवायचं. दिवसभर राबलेलं हत्यार मळकं ठेवलं तर ते अपमान केल्यासारखं. हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. मला नुसतं हसू आलं. पोट धरून हसले. त्यासुद्धा हसल्या, का ते न कळताच. मग घड्याळाकडे लक्ष गेलं आणि माझं हसू गेलं. संध्याकाळच्या गाड्यांचे कागद जायचे होते. मी माउस पुसला, उन्हात धरला, तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. तो काही जागा झाला नाही. कीबोर्डवरच्या बाणांनी एकेक चौकोन पुढे सरकत मी काम ओढलं. कागद उशिरा गेले. फोन आला. हात मोकळे हवेत म्हणून मी स्पीकर लावला होता, त्यामुळे साहेबांचं बोलणं घरभर ऐकू गेलं. साहेब बोलतच होते आणि मी सॉरी सर, सॉरी सर करत होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

त्यानंतर त्या टेबलाकडे फिरकल्या नाहीत. पुन्हा गॅलरी, पुन्हा मान हलवणं. या वेळची शांतता मला सोसवेना, कारण मधल्या काळात मला तिच्या आतलं सगळं गाव कळलं होतं. दुपारी मी दिवाणावर पडायची, पण झोपेचा काठ आता कोरडा होता. वारा नाही की वास नाही. मला भीती वाटू लागली. बोलणं दुसऱ्यांदा गेलं की परत येत नसावं, असं उगाच मनाने घेतलं.

तेव्हा मी हुशारी केली. दोन माउस मागवले. माझ्यासाठी साधा, त्यांच्यासाठी खेळणाऱ्यांचा, पोटात रंगीबेरंगी दिवे असलेला. टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी मांडले आणि त्यांना बोलावून आणलं.

"दोन कनाला?"

"एक माझा, एक तुमचा. आता कसली काळजी नाही."

त्यांनी दोन्ही माउसकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे. "येगली चूल मांडतंस?" एवढं म्हणाल्या आणि गॅलरीत निघून गेल्या.

रात्रीचं जेवण झाल्यावर नवरा माझ्याकडे आला. चेहरा असा, की कुणाची तरी पंचायत भरायची आहे.

"आईला वेगळं काढतेस म्हणे?"

"अहो, माउस आहे तो! स्वयंपाकघर आहे का?" मी अशी कडाडले की खालच्यांनी ऐकलं असेल.

तो हसला, पण समजावूनही गेला. त्यांच्याकडे कुठलंच हत्यार कुणा एकाच्या नावाचं नसायचं. ज्याच्या हाताला काम, त्याच्या हातात हत्यार. म्हातारीला निराळं ताट, निराळा तांब्या दिला की गाव समजायचं, हिला आता बाजूला बसवली. मी दिवेवाला माउस खोक्यात भरला, साधाही भरला आणि दोन्ही परत पाठवले. एकच घ्यायचा, दोघींचा. माझ्या कंटेनरांना चालेल आणि त्यांच्या भातालाही चालेल असा.

सांगायला सोपं. मी वाचायला बसले आणि बुडाले. माउसचंही एवढं शास्त्र असतं? हलका हवा की वजनदार, तळहात पूर्ण टेकणारा की बोटांनी धरायचा, चाक अडखळत फिरणारं की घसरणारं, अंगठ्याशी जादा बटणं हवीत की नकोत. खेळणारे लोक चपळाईसाठी जीव टाकतात. मला लांबच लांब याद्या खाली ओढायला चाक मऊसूत हवं होतं आणि संध्याकाळी मनगट ठणकायला नको होतं. सासूबाईंना काय हवं, ते मात्र कुठे लिहिलेलं सापडेना. डोळे दुखेपर्यंत वाचलं की मी डोळे मिटायची, आणि काळे, पांढरे, करडे माउस एकामागे एक सपाट शेतातून निघालेले दिसायचे, शेपटीशिवाय.

शेवटी ठरवलं, त्यांचाच हात घेऊन जायचं. माउस घ्यायला चला म्हटलं असतं तर त्या आल्या नसत्या. मी म्हटलं, सुका जवळा संपलाय, तुम्हाला पारख आहे, पनवेलला जाऊ. त्या तयार झाल्या. जवळा घेतला, बोंबील घेतले आणि मग मी पिशवी सावरत त्यांना एका दुकानाच्या जिन्यावर चढवलं.

आत गारवा होता आणि निळसर उजेड. बाहेरचं ऊन, हॉर्न, रिक्षावाल्यांची हाकाटी, सगळं काचेपलीकडे राहिलं. कपाटांत कीबोर्ड मंदपणे उजळत होते, विझत होते. सासूबाईंनी आत पाऊल टाकताना पदर डोक्यावर घेतला. माझ्याही आवाजाची पट्टी आपोआप खाली आली. आमच्या पिशवीतल्या बोंबलांनी मात्र आपली हजेरी लावली.

दुकानदार माझ्याच वयाचा, बोलका. वास आलाच असणार, पण त्याने नाक मुरडलं नाही.

"ऑफिसच्या कामाला की गेमिंगला?"

"दोन्हीला."

"गेमर कोण?"

मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्याने क्षणभर पाहिलं आणि स्टूल पुढे केलं. "बसा मावशी. कुठला गेम खेळता?"

"भात," सासूबाई म्हणाल्या.

त्याने काउंटरवर कापड अंथरलं आणि एकेक माउस आणून ठेवला. प्रत्येकाचं बटण तो दाबून दाखवायचा. टक्. "बघा काय क्लिक आहे, मावशी. एकदम करकरीत." टक्, टक्. गुळगुळीत काळा, जाळीदार हलका, तळहाताखाली टेकडीसारखा उंच. मला दोन-तीन आवडले. एकाचं चाक तर असं फिरत होतं की माझे सगळे कंटेनर त्यावरून घरंगळत गेले असते. सासूबाई प्रत्येकाला एका बोटाने शिवायच्या, लगेच हात मागे घ्यायच्या आणि म्हणायच्या, "हात नाय बसत."

लहान आणला, मोठा आणला. हात नाय बसत. पांढरा आणला. त्याच्यावर बोट जरा जास्त वेळ राहिलं असं मला वाटलं, पण उत्तर तेच. दुकानदार दमला नाही. मीच दमले.

"आई, हात ठेवल्याशिवाय बसेल कसा? नीट धरून तरी बघा!"

त्या उठल्या. पिशवी उचलली आणि जिना उतरू लागल्या. मी दुकानदाराकडे बघून कसंनुसं हसले आणि मागे धावले.

वडाळे तळ्याच्या काठावर जाऊन बसलो. दोघींपैकी कुणीच ठरवलं नव्हतं, पाय तिकडे वळले. पाणी शांत होतं, त्यात समोरच्या इमारती हलत होत्या. ऊन कलायला लागलं होतं. आभाळात एक विमान वर चढत होतं. सासूबाईंनी ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

"आमच्या खाचरानशी उठला," त्या म्हणाल्या.

कितीतरी दिवसांनी त्या आपणहून बोलल्या होत्या. मी हललेसुद्धा नाही.

"तो साहेब तुना बोल्ला," जरा वेळाने त्या म्हणाल्या. "माज्यापायी."

"तो रोजच बोलतो, आई. त्याला त्याचाच पगार मिळतो."

त्या हसल्या नाहीत. "घर ज्याव चालतंय ते हत्यार मी पान्यान घातला. तू सारखी माफी मांगत व्हतीस आन मी उबी ऱ्हाऊन आयकत व्हती. आता मी परत नाय हात लावाची. कनचाबी आन."

म्हणजे एकाही माउसमध्ये खोट नव्हती. मी घरी दारी, झोपेत, जागेपणी त्यांच्या हाताचं माप शोधत होते आणि हात घाबरलेला होता. मला त्यांचा राग आला. माझाही आला. मग मी जे बोलले ते ठरवून बोलले नाही.

"आई, मी दिवसभर नुसते नंबर वाचते. तुम्ही यायच्या आधीसुद्धा वाचत होते. सकाळी हे गेले की रात्रीपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोलत नव्हते, आणि मला ते कळतही नव्हतं. तुम्ही बोलायला लागलात तेव्हा कळलं. मला वाटत होतं मी तुम्हाला खेळायला दिलं, तुमच्यासाठी. तसं नाही. तुम्ही गॅलरीत जाऊन बसता ना, तर मला त्या घरात भीती वाटते. साहेब ओरडला तर ओरडू दे. तुम्ही माझ्यासाठी बसा."

तळ्यात एक पाणकावळा बुडाला आणि भलतीकडेच वर आला. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या.

"तो पांडरा," त्या म्हणाल्या. "त्याचा बटन मऊ व्हता जरा."

आम्ही परत जिना चढलो. दुकानदाराने पांढरा माउस काढून दिला, पण मनापासून नाही. "हा शांत ऑफिसांसाठी बनवलेला आहे, मावशी. याचा क्लिक ऐकूच येत नाही. गेमिंगवाले याला हात लावत नाहीत." सासूबाईंनी हात लावला. पूर्ण हात, बोटं पसरून. मग दाबलं, दाबून धरलं, सावकाश सोडलं.

"रुततंय," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "बग, रुततंय."

मीही धरून पाहिला. चाक माझ्या मनासारखं अगदी नव्हतं, पण चालण्यासारखं होतं. मनगट टेकत होतं. मी म्हटलं, बांधून द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळभर मी त्यावर काम केलं. काही बिघडलं नाही. जेवणं झाली, मी पडदा ओढला, दिवाणावर आडवी झाले. सासूबाई खुर्चीत बसल्या. मी एक डोळा किलकिला ठेवून पाहत होते. त्यांनी जमीन उखळली. बांध घातले, एकही फट न ठेवता. पाणी सोडलं. हिरवा उजेड आधी तपकिरी झाला आणि मग चमकायला लागला. नव्या माउसला आवाज नव्हता, त्यामुळे त्या काही करतायत की नुसत्या बघतायत ते कळत नव्हतं. पंखा फिरत होता. माझा डोळा हळूहळू मिटला, आणि काठावर वारा होता. लांबून कुणीतरी हाक मारत होतं. नेहमीसारखीच हाक, फक्त या वेळी ती जवळ जवळ येत गेली.

"ऊठ गो. इकरं ये."

मी धडपडत उठले. "काय झालं? बिघडला का?"

"बिगारला नाय." सासूबाई खुर्चीतून उठून बाजूला उभ्या होत्या. स्क्रीनवर सगळी खाचरं पाण्याने भरून तयार होती आणि त्यांत एकही रोप नव्हतं. "लावनी कराची हाय."

"मग करा की."

"आमच्यान नवी सून आयली का रोपांची पयली मूठ तिच्या हातची. तिनं लावली का मंग बाकीच्यांनी. तू आयलीस तवा शेतच नव्हता." त्या थांबल्या. "तुजी मूठ ऱ्हायली ती ऱ्हायलीच. इतके दिस म्यापन खेल समजून लावला."

लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरात मी सणवार केले, दुखणी काढली, मयत पाहिलं. माझं काही राहिलेलं आहे आणि ते कुणीतरी मनात धरून आहे, हे मला कधी माहीत नव्हतं. समोरची खाचरं धूसर झाली. मी खुर्ची ओढून बसायला गेले.

"बसून नाय. लावनी बसून करतान का?"

मी उभी राहिले. त्यांनी माझा हात घेऊन माउसवर ठेवला आणि वर आपला ठेवला. खरखरीत आणि ऊबदार. मी बोट दाबणार, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं आणि खाली पाहिलं.

"चपला काढ आदी," त्या हळूच म्हणाल्या. "शेतान उबी हायस."

मी सपाता काढून भिंतीकडे सारल्या, आणि वाकले.